कर्नलमध्ये मेमरी मागायची तर: नव्याने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी

पुण्यात कर्नलवरचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावरचं, काम बहुधा तीन वाटांनी हाती येतं. बाणेर-बालेवाडीकडच्या स्टोरेज आणि फाइल सिस्टीमच्या टीम, हिंजवडी-चाकण पट्ट्यातलं गाड्यांचं एम्बेडेड काम, नाहीतर पाषाणला सी-डॅकचा एम्बेडेडचा डिप्लोमा केल्यावर मिळालेली पहिली नोकरी. वाट कुठलीही असो, सुरुवातीला समोर येतो तो दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला कोड), आणि त्यात कुठेतरी मेमरी मागणारी एक ओळ. रिव्ह्यूमध्ये सीनियर विचारतात, ‘हे कुठून कॉल होतं?’ नवखा माणूस उत्तर देतो, ‘सर, दोनशे बाइट्स आहेत फक्त.’ विचारलेलं ते नसतंच. कोड त्या क्षणी थांबू शकतो का, घेतलेली मेमरी किती काळ जगणार आणि ती परत कोण करणार, यावर फंक्शन ठरतं. आकाराचा नंबर त्यानंतर लागतो. म्हणून इथेही तोच क्रम ठेवला आहे.

उदाहरणं लिनक्सच्या ६.x मालिकेतली, ६४ बिटी इंटेल-एएमडी मशिनवरची, ४ केबीचं पान धरून. फंक्शनांची नावं ऑफिसात बोलतो तशी लिहिली आहेत. सोर्समध्ये शोधायला अडचण येणार नाही.

आधी जुनी सवय सोडा

युजरस्पेसमध्ये, म्हणजे साध्या प्रोग्राममध्ये, तुम्ही मॅलॉक करून मेमरी मागता तेव्हा बहुतेक वेळा तुम्हाला फक्त पत्ता मिळतो. खरं पान त्या पत्त्याला पहिल्यांदा हात लावला की येतं, गरज पडली तर स्वॅपवर जातं, आणि प्रोसेस मेली की सगळं आपोआप परत घेतलं जातं. फ्री करायला विसरलात तरी प्रोग्राम संपताना हिशेब मिटतो.

कर्नलमध्ये यातलं काहीच नाही. के-मॅलॉकने, म्हणजे कर्नलमधल्या मॅलॉकने, दिलेली मेमरी त्याच क्षणी खऱ्या रॅममधून जाते. ती स्वॅप होत नाही. मॉड्यूल (चालत्या कर्नलला जोडता-काढता येणारा कोड) काढलं तरी त्याने घेतलेली मेमरी तशीच अडकून राहते, रीबूट होईपर्यंत. घराच्या कोपऱ्यातला राउटर किंवा गाडीतला गेटवे महिनोन्‌महिने रीबूट होत नाही. तिथे दर पॅकेटमागे ६४ बाइट गळत असतील, तर एक दिवस सगळं बंद पडतं आणि लॉगमध्ये भलत्याच प्रोसेसचं नाव दिसतं.

स्टॅकबद्दलही एक गोष्ट लगेच लक्षात घ्या. इथे प्रत्येक थ्रेडला कर्नल स्टॅक मिळतो १६ केबी, २०१४ पूर्वी तर ८ केबीच होता. फंक्शनमध्ये चार केबीचा लोकल अ‍ॅरे घेणं इथे चालत नाही. कंपायलर इशारा देतो, तो वाचा.

प्रयोगाची जागा

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन एखादा बोर्ड घेण्याचा मोह होईल. घ्या, पण नंतर. सुरुवात क्यूईमूमधल्या व्हर्च्युअल मशिनवर करा, कारण पहिल्या आठवड्यात तुम्ही कर्नल पाडणार आहात आणि प्रत्येक वेळी एसडी कार्ड काढून परत लिहिण्यात अर्धा दिवस जाईल.

कर्नल स्वतः कंपाइल करा आणि कॉन्फिगमध्ये तीन गोष्टी चालू ठेवा: डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप, कासान आणि डीबग_केमेमलीक. पहिल्याचं आणि तिसऱ्याचं काम पुढे येईलच. कासान चुकीच्या पत्त्यावरचं वाचन-लेखन जागीच पकडतो. त्याच्या साध्या प्रकारात दर आठ बाइटमागे एक बाइट हिशेबासाठी जातो, म्हणजे मेमरीचा आठवा हिस्सा, शिवाय वेगही मंदावतो. छोट्या बोर्डावर हे जड जातं. व्हर्च्युअल मशिनला दोन जीबी दिले की प्रश्न मिटतो.

पहिली पायरी: इथे झोपता येतं का?

कर्नलमधली मेमरी मागणारी जवळजवळ सगळी फंक्शनं आकारासोबत एक फ्लॅग घेतात. तो जीएफपी फ्लॅग म्हणजे तुम्ही अ‍ॅलोकेटरला दिलेली परवानगी: मेमरी मोकळी नसेल तर तुला माझ्या वतीने काय काय करता येईल.

जीएफपी_कर्नल म्हणजे सगळी मुभा. मेमरी कमी असेल तर पेज कॅशमधली पानं सोड, घाण झालेली पानं डिस्कवर लिही, आणि तोवर मला झोपव, म्हणजे थांबवून सीपीयू दुसऱ्याला दे. सिस्टीम कॉल, प्रोब फंक्शन (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं), वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), कर्नल थ्रेड अशा ठिकाणी हाच फ्लॅग. म्युटेक्स, म्हणजे झोपू देणारं लॉक, धरलेलं असेल तरी चालतं. शंका नसेल तिथे हाच वापरा.

स्पिनलॉक (झोपू न देणारं लॉक) धरला असेल, इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला लगेच ओ देणाऱ्या कोडमध्ये) असाल, टायमरच्या कॉलबॅकमध्ये किंवा आरसीयूच्या (लॉक न घेता वाचण्याच्या पद्धतीच्या) वाचन-विभागात असाल, तर झोपायची सोय नाही. तिथे जीएफपी_अ‍ॅटॉमिक. तो थांबत नाही आणि राखीव साठ्यातूनही थोडं उचलू शकतो. म्हणूनच तो सढळ हाताने वापरू नये. तो राखीव साठा नेटवर्क कार्डाच्या इंटरप्टसारख्या, खरंच थांबता न येणाऱ्या कोडसाठी आहे. मेमरी नाही मिळाली तरी तुमचं काम अडत नसेल, तर जीएफपी_नोवेट पुरे. तोही झोपत नाही, पण राखीव साठ्याला हात लावत नाही.

नवख्यांची सर्वात त्रासदायक चूक इथेच होते. स्पिनलॉक धरून जीएफपी_कर्नलने मागणी केली तर तुमच्या मशिनवर ती शंभरदा व्यवस्थित चालते. मेमरी भरपूर मोकळी असल्यामुळे अ‍ॅलोकेटरला झोपायची वेळच येत नाही. मग ग्राहकाकडे, भरलेल्या सर्व्हरवर, एकदा ती खरोखर झोपते आणि सीपीयू अडकतो. मघाचा डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप याचसाठी होता. तो झोप लागली का हे बघत नाही, लागू शकली असती का हे बघतो. मेमरी मोकळी असली तरी डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, लगेच ‘झोपणारं फंक्शन चुकीच्या संदर्भातून बोलावलं’ अशा अर्थाची बग-ओळ टाकतो, खाली कॉल ट्रेस देऊन. हा पर्याय बंद ठेवून ड्रायव्हर टेस्ट केला, तर ती टेस्ट झाली असं मी तरी धरत नाही.

यावर काहीजण शक्कल लढवतात: इन_अ‍ॅटॉमिक या फंक्शनला ‘इथे झोपायची मनाई आहे का’ असं विचारायचं, हो म्हणाला तर एक फ्लॅग, नाही म्हणाला तर दुसरा. करू नका. प्रीएम्प्शनची मोजणी बंद असलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक धरलेला असूनही ते ‘नाही’ सांगतं. कोड कुठे उभा आहे ते लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं. दोन्हीकडून कॉल होणारं फंक्शन असेल तर जीएफपी फ्लॅग हाच त्याचा एक पॅरामीटर करा आणि निर्णय बोलावणाऱ्यावर सोडा. कर्नलमध्ये सर्वत्र हीच पद्धत दिसेल.

खरं तर बऱ्याचदा अ‍ॅटॉमिकची गरजच नसते. स्पिनलॉक घेण्याआधी जीएफपी_कर्नलने मेमरी घ्या, मग लॉक धरा, यादीत नवा नोड जोडा, लॉक सोडा. लॉक धरल्यावर कळलं की नोड नको होता, तर लॉक सोडून के-फ्री करा. दोन ओळी वाढतात, पण राखीव साठा वाचतो.

स्टोरेजवाल्यांसाठी आणखी एक खोच. समजा तुमच्या फाइल सिस्टीमने स्वतःचं लॉक धरलं आहे आणि तशात जीएफपी_कर्नलने मागणी केली. अ‍ॅलोकेटर पानं मोकळी करायला निघतो आणि फिरून तुमच्याच फाइल सिस्टीमला म्हणतो, ही पानं लिहून टाक. तिला लागतं तेच लॉक. सगळं जागच्या जागी गोठतं. पूर्वी यासाठी प्रत्येक ठिकाणी जीएफपी_नोएफएस लिहायचे. आता लॉक धरताना मेमअ‍ॅलॉक_नोएफएस_सेव्ह आणि सोडताना मेमअ‍ॅलॉक_नोएफएस_रिस्टोअर बोलवायचं, मधल्या सगळ्या मागण्या आपोआप त्या बंधनात येतात. ब्लॉक लेयरसाठी (डिस्कशी बोलणाऱ्या थरासाठी) असंच नोआयओचं जोडपं आहे.

गाड्यांच्या कामात रिअल-टाइम कर्नल भेटेल. त्याचा पर्याय, प्रीएम्प्ट_आरटी, २०२४ मध्ये ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आहे. त्यात अ‍ॅलोकेटरची आतली लॉकही झोपणारी होतात, त्यामुळे रॉ स्पिनलॉक (इथेही न झोपणारं लॉक) धरून जीएफपी_अ‍ॅटॉमिकसुद्धा चालत नाही. तिथे मेमरी आधीच घेऊन ठेवायची, दुसरा मार्ग धरू नका.

दुसरी पायरी: सलग हवी का, आणि किती

आता आकार. के-मॅलॉक जी मेमरी देतं ती खऱ्या रॅममध्येही सलग असते. लहान मागण्यांसाठी ठरावीक मापांचे कप्पे तयार असतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ आणि पुढे दुपटीने ८ केबीपर्यंत. १३० बाइट मागितलेत तर १९२ चा कप्पा मिळतो. १०३० मागितलेत तर २०४८ चा, म्हणजे जवळजवळ अर्धा वाया. स्ट्रक्टमध्ये सहा बाइटचं एक फील्ड वाढवल्याने मेमरी दुप्पट लागू शकते ती अशी. पाहोल नावाचं टूल स्ट्रक्टमधल्या रिकाम्या फटी दाखवतं, ते एकदा चालवून बघा.

८ केबीच्या वर मागणी थेट पानांच्या अ‍ॅलोकेटरकडे जाते. तो बडी पद्धतीने चालतो: पानांचे गट १, २, ४, ८ असे दुपटीतच. ३३ केबी मागितले तर ६४ केबीचा गट जातो. इथल्या मशिनवर के-मॅलॉकची कमाल मर्यादा ४ एमबी आहे, पण मर्यादेत आहे म्हणून मिळेलच असं समजू नका. बालगंधर्वला नाटकाच्या दिवशी शंभर खुर्च्या रिकाम्या असतात, पण आठ जणांना ओळीने एकत्र बसायचं असेल तर तिकीट खिडकीवरचा माणूस मान हलवतो. बराच काळ चालू असलेल्या सर्व्हरची रॅम तशीच असते. एकूण मोकळी जागा भरपूर, सलग जागा नाही. /प्रोक/बडीइन्फो उघडा. डावीकडचे आकडे एकेकट्या पानांचे, उजवीकडे जाल तसे मोठ्या गटांचे. नुकत्याच बूट केलेल्या मशिनवर आणि आठवडाभर बिल्ड चालवलेल्या मशिनवर ही ओळ पाहिलीत की फरक लक्षात येईल.

कर्नल स्वतःही ८ पानांवर, म्हणजे ३२ केबीवर, रेघ ओढतो. तिथपर्यंतच्या जीएफपी_कर्नल मागण्यांसाठी तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, अगदी ओओएम किलर बोलावून एखादी प्रोसेस मारण्यापर्यंत. त्यावरच्या मागण्यांना ‘महाग’ समजून तो लवकर हात वर करतो.

रॅममध्ये सलग असण्याची गरज नसेल तर व्ही-मॅलॉक. ते सुटी सुटी पानं गोळा करून पेज टेबलच्या (पत्त्यांच्या नकाशाच्या) आधारे सलग पत्ते तयार करतं. मोठ्या टेबलांसाठी, लॉगच्या बफरसाठी ठीक. लहान मागण्यांसाठी नको, कारण दर वेळी पेज टेबलची खटपट आणि टीएलबीवर (त्या नकाशाच्या सीपीयूमधल्या कॅशवर) ताण. व्ही-मॅलॉक झोपू शकतं, आणि व्ही-फ्रीसुद्धा, त्यामुळे दोन्ही स्पिनलॉकपासून लांब ठेवा.

आकार रनटाइमला ठरणार असेल, कधी ५०० बाइट तर कधी ५ एमबी, तर केव्ही-मॅलॉक वापरा. ते आधी के-मॅलॉक करून बघतं, नाही जमलं तर व्ही-मॅलॉककडे वळतं. सोबत जीएफपी_कर्नलच द्या, आणि परत करताना केव्ही-फ्री. व्ही-मॅलॉकने आलेल्या पत्त्यावर साधं के-फ्री केलंत तर कर्नल तिथेच आरडाओरडा करतो.

हार्डवेअरला थेट मेमरी वाचायची-लिहायची असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. डीएमएसाठी स्वतंत्र इंटरफेस आहे, डीएमए_अ‍ॅलॉक_कोहेरंट. ते तुम्हाला दोन पत्ते देतं, एक सीपीयूसाठी आणि एक डिव्हाइससाठी. हे दोन वेगळे असतात, आणि मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) असेल तर डिव्हाइसचा पत्ता रॅममधल्या खऱ्या पत्त्याशीही जुळत नाही. के-मॅलॉकचा पत्ता स्वतःच गणित करून डिव्हाइसला देणारे ड्रायव्हर अजून भेटतात. ते एका बोर्डावर चालतात आणि दुसऱ्यावर नाही. जीएफपी_डीएमए हा फ्लॅग दिसला तर चकू नका. इंटेल मशिनवर त्याचा अर्थ पहिले १६ एमबी, जुन्या आयएसए कार्डांच्या काळातला. तुमच्या नव्या कार्डाला त्याची गरज नाही.

तिसरी पायरी: गुणाकार स्वतः करू नका

युजरकडून संख्या आली, तिला स्ट्रक्टच्या आकाराने गुणलं आणि के-मॅलॉकला दिलं. दिसायला साधं आहे. ३२ बिटी बोर्डावर करून बघा: २६,८४,३५,४५७ गुणिले १६. उत्तर ३२ बिटांत मावत नाही, वरचा बिट गळतो आणि उरतात १६. कर्नल तुम्हाला १६ बाइट आनंदाने देतो आणि पुढचं लूप त्यात कोट्यवधी नोंदी लिहायला निघतं. हल्लेखोराला याहून काय हवं.

अ‍ॅरेसाठी के-मॅलॉक_अ‍ॅरे, शून्य भरून हवा असेल तर के-कॅलॉक. गुणाकार ओव्हरफ्लो झाला की ती नल (रिकामा पॉइंटर) देतात. शेवटी लवचिक अ‍ॅरे असलेल्या स्ट्रक्टसाठी स्ट्रक्ट_साइझ मॅक्रो. आकार लिहिताना टाइपचं नाव न लिहिता पॉइंटरवरूनच साइझऑफ काढा. उद्या टाइप बदलला तरी ओळ बरोबर राहते.

शून्य भरण्याबद्दल: के-मॅलॉक आधीच्या मालकाचा कचरा तसाच हातात देतं. तो स्ट्रक्ट युजरस्पेसला कॉपी होणार असेल तर मधल्या फटींतून कर्नलची माहिती बाहेर जाते, सगळी फील्ड भरलीत तरी. अशा वेळी के-झेड-अ‍ॅलॉक. नवखे असाल तर सरसकट तेच वापरा, वेगाची चिंता मोजमाप केल्यावर करा.

चौथी पायरी: परत करण्याची वाट

मेमरी घेतली त्याच बैठकीत ती कुठे सुटणार हे लिहा. प्रोबमध्ये चार गोष्टी घेतल्या आणि तिसरी फसली, तर पहिल्या दोन उलट क्रमाने सोडायच्या. त्यासाठी फंक्शनच्या शेवटी लेबलांची उतरंड आणि गोटू. कॉलेजात गोटू वापरलं म्हणून मार्क कापले असतील, कर्नलमध्ये हीच रीत आहे. २०२३ मध्ये ६.५ पासून व्हेरिएबलवरच ‘संपताना के-फ्री कर’ असं लिहिण्याची सोयही आली आहे. नव्या कोडमध्ये ती दिसू लागली आहे, पण एकाच फंक्शनमध्ये दोन्ही पद्धतींची सरमिसळ करू नका.

के-फ्रीला नल दिलं तर ते गुपचूप परत येतं, त्यामुळे आधी ‘नल आहे का’ तपासण्याची ओळ नको. मागणी फसल्यावर ‘मेमरी संपली’ असा संदेशही छापू नका. अ‍ॅलोकेटर स्वतःच ट्रेससकट छापतो, आणि चेकपॅच (पॅच तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) तुमच्या ओळीवर बोट ठेवतं. के-रिअ‍ॅलॉकचं उत्तर त्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका. ते फसलं तर पॉइंटर नल होतो आणि जुनी मेमरी कुणाच्याच हातात उरत नाही.

डेव्हएम_के-झेड-अ‍ॅलॉक फार सोयीचं आहे. मेमरी डिव्हाइसला बांधली जाते, डिव्हाइस सुटलं की आपोआप फ्री. पण यूएसबी डिव्हाइसचा विचार करा. एका प्रोग्रामने तुमची /डेव्हमधली फाइल उघडून ठेवली आहे आणि कुणीतरी केबल उपटली. डिव्हाइस सुटलं, मेमरी गेली. प्रोग्राम अजून जिवंत आहे, तो आता रीड करतो, आणि तुमचा कोड मेलेल्या मेमरीत वाचतो. त्या स्ट्रक्टचं आयुष्य डिव्हाइसशी नाही, शेवटच्या वापरणाऱ्याशी बांधलेलं हवं होतं. तिथे के-रेफ घेऊन मोजणी ठेवा आणि शेवटचा संदर्भ सुटल्यावर के-फ्री करा. डेव्हएम दिसलं की रिव्ह्यूमध्ये मी हा एकच प्रश्न विचारतो.

या सगळ्या फसण्याच्या वाटा एरवी चालतच नाहीत, कारण लहान मागण्या सहसा फसत नाहीत. म्हणून मुद्दाम फसवा. फॉल्ट इंजेक्शन आणि फेलस्लॅब हे पर्याय कॉन्फिगमध्ये चालू करा. डीबगएफएसमधल्या (डीबगिंगसाठीच्या खास फाइल सिस्टीममधल्या) फेलस्लॅब फोल्डरमध्ये शक्यता, अंतर आणि किती वेळा ते लिहायचं. फक्त स्वतःच्या प्रोसेसपुरतं ठेवायचं असेल तर टास्क-फिल्टर चालू करून /प्रोक/सेल्फ/मेक-इट-फेलमध्ये १ लिहा. मग मॉड्यूल पुन्हा पुन्हा लावा-काढा. दहातल्या नऊ ड्रायव्हरांची उतरंड पहिल्याच तासात कुठेतरी घसरते, असा माझा अंदाज आहे.

स्वतःची कॅश: क्वचितच

एकाच मापाच्या हजारो वस्तू सतत बनत-मोडत असतील, तर के-मेम_कॅश_क्रिएटने वेगळी कॅश करता येते. ही कल्पना जेफ बॉनविक यांनी सन कंपनीत असताना १९९४ मध्ये मांडली, लिनक्सने ती उचलली. आप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेतलीत तर त्यात स्लॅब, स्लॉब आणि स्लब अशा कॅश सांभाळणाऱ्या तीन पद्धतींची तुलना सापडेल. ती आता फक्त इतिहास म्हणून वाचा. स्लॉब २०२३ मध्ये ६.४ ला गेला, स्लॅब २०२४ मध्ये ६.८ ला. उरला तो स्लब, जो २००७ पासून आहे. फंक्शनांची नावं मात्र तीच राहिली.

कॅश बनवून स्लॅबटॉपमध्ये (कॅशची यादी दाखवणाऱ्या टूलमध्ये) तिचं नाव दिसलं नाही तर घाबरू नका. सारख्या मापाच्या कॅश स्लब एकत्र करतो. वेगळी बघायची असेल तर बूटच्या ओळीत स्लॅब_नोमर्ज द्या. मॉड्यूल काढताना कॅश नष्ट करण्याआधी त्यातली प्रत्येक वस्तू परत आलेली हवी, नाहीतर डीमेसेजमध्ये इशारा येतो.

गळती शोधणं

पहिली खूण /प्रोक/मेमइन्फोमध्ये. एसअनरिक्लेम (परत घेता न येणारी स्लॅब मेमरी) हा आकडा दिवसभर चढतच राहिला तर कर्नलमधलं कुणीतरी सोडत नाहीये. स्लॅबटॉप रूटने चालवा, कुठला कप्पा फुगतोय ते कळेल. मग केमेमलीक. ते दर १० मिनिटांनी आपोआप मेमरी चाळतं. लगेच हवं असेल तर डीबगएफएसमधल्या केमेमलीक फाइलमध्ये स्कॅन हा शब्द लिहा, थोडं थांबा, पुन्हा लिहा आणि मग फाइल वाचा. नुकत्याच घेतलेल्या वस्तूंना ते पाच सेकंद सूट देतं, म्हणून दोनदा. ज्या वस्तूकडे जाणारा एकही पॉइंटर सापडत नाही तिचा आकार, घेणाऱ्या प्रोसेसचं नाव आणि कॉल ट्रेस मिळतो. पण दोन गोष्टी ते पकडत नाही: अ‍ॅलॉक_पेजेसने थेट घेतलेली पानं, आणि यादीत अजून लटकलेल्या पण कुणालाच नको असलेल्या वस्तू. दुसऱ्या प्रकारात पॉइंटर जिवंत असतो, त्यामुळे केमेमलीकच्या लेखी सगळं आलबेल.

क्रॅशमध्ये एखाद्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी अशी माळ दिसली तर ती फ्री केलेल्या मेमरीची खूण आहे. स्लब_डीबगमध्ये पॉइझन चालू असताना के-फ्री झालेल्या जागेत हीच बाइट भरली जाते. ५ए ची माळ दिसली तर मेमरी घेतली आहे, पण तिच्यात काही भरलेलंच नाही.

सरावाला एक छोटं मॉड्यूल लिहा. इनिटमध्ये १३० बाइट घ्या आणि पॉइंटर लोकल व्हेरिएबलमध्येच सोडून द्या. मॉड्यूल लावून केमेमलीक दोनदा चालवा. रिपोर्टमध्ये ही सुटलेली वस्तू कॉल ट्रेससकट दिसायला हवी. मग तीच मागणी स्पिनलॉकच्या आत हलवा, फ्लॅग जीएफपी_कर्नलच ठेवा, आणि डीमेसेज उघडा. शेवटी के-फ्री करून लगेच त्याच पत्त्यावर एक बाइट लिहा. कासानचा रिपोर्ट तीन भागांत येतो: कुठे लिहिलं, कुठे घेतली होती, कुठे सोडली होती. तिन्ही ट्रेसमध्ये स्वतःच्या फाइलची नेमकी ओळ शोधता आली, की टीममधल्या खऱ्या बगचा रिपोर्ट वाचायला घ्या.